फोटोतला डावा कोपर

...नाही, मला एवढंच सांगा, रिंगखाली उभा राहून माणूस बॉल टाकतो तेव्हा त्याचा कोपर कुठे असणार? वर! हवेत! खिशात तर नसणार ना? मग त्या फोटोत डाव्या कडेला जो कोपर वर गेलेला दिसतो, त्याच्याकडे एवढ्या वर्षांत एकाही माणसाने बघू नये? एकाही? सगळ्यांचे डोळे मधोमध! वसंतराव हवेत, वसंतरावांचे केस हवेत, वसंतरावांचा हात रिंगपाशी... आहाहा, काय ती झेप, काय तो आवेश... अरे, पण बॉल टाकला कुणी? तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळाच्या गणपतीची शपथ घेऊन सांगतो, तो कोपर माझा आहे!

हां, आता तुम्ही म्हणाल, हा कोण, वसंतराव कोण आणि कोपराचं एवढं काय घेऊन बसलाय. बरोबर आहे तुमचं. मी दशरथ. मूळचा भुसावळचा, स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत चिकटलो, दोन-तीन वर्षांसाठी म्हणून जयपूरला आलो आणि रिटायर होऊन इथल्या मानसरोवर भागातच घर घेऊन बसलो. वसंतराव माझ्याच टीममधले. माझ्याच पार्सल ऑफिसात, शेजारच्या टेबलावर, माझ्याच डब्यातला ठेचा खाऊन मोठे झालेले! आज ते कोण आहेत? दिग्गज! 'बास्केटबॉल के जादूगर'! ते आमच्या इथल्या मराठी मंडळात आले की लोक खुर्चीवरून उठतात, अन् मी आलो की म्हणतात, "काका, आलाच आहात तर ती खुर्ची जरा इकडे सरकवता का?"

आणि हे सगळं कशावर? एका मॅचवर! अजमेरवाल्यांबरोबरची फायनल, आम्ही एका पॉइंटने मागे, शेवटचे काही सेकंद, लोक ओरडतायत, बॉल सुटून माझ्या हातात आला, मी रिंगखाली डावीकडे, टाकला... बॉल गेला, रिंगवर बसला आणि लागला तिथेच गिरक्या घ्यायला, आत जाऊ की बाहेर जाऊ, आत जाऊ की बाहेर जाऊ... आणि तेवढ्यात हे महाशय उडाले! कशाला उडाले? त्यांनाच ठाऊक! बॉल आत पडला, शिट्टी वाजली, आणि त्याच क्षणी पेपरवाल्याने फोटो काढला. संपलं! लोकांनी वसंतरावांना खांद्यावर घेतलं, अन् मी खाली उभा राहून त्यांचा बूट सांभाळत होतो, कारण तो पायातून निसटून माझ्या डोक्यावर पडला होता!

आता नीट ऐका हं, कारण हे मी मंडळात सांगायला लागलो की लोक प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहतात. बास्केटबॉलचा साधा नियम आहे. बॉल रिंगवर फिरत असताना टाकणाऱ्या टीमच्या माणसाने त्याला हात लावला, तर बास्केट बाद. बाद म्हणजे बाद! मग आता मला सांगा, वसंतरावांचा हात लागला असेल तर बास्केट बाद, आम्ही मॅच हरलो, खेळ खलास. आणि हात लागला नसेल, तर बास्केट माझी! म्हणजे इकडून मोजा, तिकडून मोजा, वसंतरावांची ती कुठूनच होत नाही! हे काय गणित आहे? हे तर पोरसुद्धा सोडवेल! पण नाही. गणित गेलं खड्ड्यात आणि वसंतराव गेले व्यासपीठावर.

बरं, गोष्ट जिथल्या तिथे राहिली असती तरी मी गिळली असती. पण ती वाढते हो! आमच्या मंडळात रत्नप्रभाताई आहेत, विमा कंपनीतल्या साहेबांच्या मिसेस, त्या काळी त्या जयपुरातच नव्हत्या, पण सांगतात मात्र डोळे मिटून, "अहो, रिंगखालून कसला, चांगला लांबून टाकला होता!" पुढच्या गणपतीत, "अर्ध्या मैदानातून!" त्याच्या पुढच्या गणपतीत, "अर्ध्या मैदानातून, आणि अंगात ताप होता हो, फणफणले होते नुसते!" यंदा त्यात अंगठाही मोडला. अशीच प्रगती राहिली तर वसंतराव अजून काही वर्षांनी तो बॉल आमेरच्या किल्ल्यावरून टाकणार आहेत!

आणि ते स्वतः काय करतात? काही नाही! त्याचीच तर किळस येते! 'माझी बास्केट' असं तो माणूस आजवर एकदाही बोललेला नाही. 'माझी नाही' असंही बोललेला नाही. नुसता हसतो. मान तिरकी करून, डोळे बारीक करून, "जाऊ द्या हो, जुन्या गोष्टी..." शी! ते हसू पाहिलं ना की माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं. त्या हसण्यावर बढती मिळाली, त्या हसण्यावर दरवर्षी शाल-श्रीफळ मिळतं. मी काय मागत होतो? शाल नको, श्रीफळ नको, एकदा, फक्त एकदा, चार माणसांत कुणीतरी म्हणावं की दशरथ, तो कोपर तुझा आहे!

कुणी म्हणणं लांबच राहिलं, घरचीच म्हणेना! आमची कलावती. लग्न झालं तेव्हा मी तिला पहिल्यांदा सांगितलं, बायको आहे, हिच्यापासून काय लपवायचं, तर पोहे ढवळता ढवळता म्हणते, "कोपराला काय चेहरा असतो का?" मी म्हटलं, अगं, मंडळात गेलीस की नीट बघ, खरचटल्याची खूण आहे. तर म्हणते, "मंडळात प्रत्येकाला दोन-दोन कोपर आहेत, उद्या सगळेच म्हणतील." आता काय बोलता? बोला!

तर यंदाचा गणपती. आमच्या मंडळाची नवी सेक्रेटरी मैत्रेयी, इथेच जन्मलेली, मराठी बोलते ती निम्मी हिंदीतून. ही आणि आमचा स्वप्नील आणि त्यांची टोळी, ह्यांचा दिवसभर एकच धंदा. अमेरिकेतला कुणी एक ताडमाड बास्केटवाला धरायचा आणि तो महान की ओव्हररेटेड ह्यावर कचोऱ्या संपेपर्यंत भांडायचं. ओव्हररेटेड! तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला ना, माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मला जे म्हणायचं होतं त्याला एक अख्खा शब्द आहे, आणि मला कुणी सांगितलंच नाही!

तर ती मैत्रेयी येते, म्हणते, "काका, ह्या टाइम सीनियर लोकांसाठी डिबेट ठेवलीय. टॉपिक आहे, 'वसंतरावजी, महान की ओव्हररेटेड?' मतलब, थोडी मस्ती. वसंतरावजींना विचारलं, ते पण हसले." हसले! हसणारच! पण मी म्हटलं, हसा वसंतराव, हसून घ्या. देवाला काळजी! आठवडाभर मी आरशासमोर उभा. नियम पाठ, मुद्दे पाठ, कुठे थांबायचं, कुठे बोट वर करायचं, कलावती दाराआडून बघून जायची आणि स्वप्नीलला म्हणायची, "बाबांना दुपारी टोपी घालून पाठव रे बाहेर, ऊन लागलंय."

आणि स्पर्धेच्या दिवशी काय झालं असेल? बाजू निवडायची नाही! चिठ्ठी! आरतीच्या ताटात, बाप्पाच्या पुढ्यात! आमच्या मंडळाचा दंडक, देवापुढची चिठ्ठी बदलत नाही. मी हात घातला, उघडली... 'महान'. मी म्हटलं, मैत्रेयी बेटा, काहीतरी गडबड आहे. "नाही काका, बाप्पाची मर्जी!" अरे, बाप्पाला काय ठाऊक, तो काय मॅच बघायला आला होता? आणि पुढची चिठ्ठी काढायला कोण उठलं? वसंतराव! "मलाही घ्या की खेळायला." मान तिरकी, डोळे बारीक... आणि त्यांची चिठ्ठी निघाली 'ओव्हररेटेड'!

म्हणजे बघा हं, ज्या माणसाला मी आयुष्यभर ओव्हररेटेड म्हटलं, तो महान आहे हे मी सांगायचं, आणि तो ओव्हररेटेड आहे हे त्याने सांगायचं. पण उठलो. भुसावळचा आहे मी, मैदान सोडत नाही. आणि तुम्हाला काय सांगू, जीभ अशी सुटली... ती झेप, तो आवेश, तो ताप, तो अंगठा... रत्नप्रभाताईंचा सगळा माल मी स्वतःच्या तोंडाने खपवला! लोक टाळ्या वाजवतायत, आणि प्रत्येक टाळी माझ्याच कानाखाली बसतेय.

मग वसंतराव उठले. हसले नाहीत. पहिल्यांदाच हसले नाहीत! खाली बघत म्हणाले, "मी ओव्हररेटेडच आहे. ती शेवटची बास्केट माझी नव्हती. बॉल दशरथने टाकला. माझा हात पोचलाच नव्हता. लोकांनी उचलून घेतलं, मला आवडलं, मी गप्प बसलो. फोटोत डावीकडे एक कोपर आहे बघा. तो दशरथचा आहे."

... समईची वात चुरचुरलेली ऐकू आली. पहिल्या रांगेत कलावती, हाताने पदर धरून माझ्याकडे बघतेय, असं तर तिने लग्नातसुद्धा बघितलं नव्हतं हो! मी म्हटलं, दशरथा, मिळालं. आता घरी जा, झोप, मेलास तरी चालेल...

आणि तेवढ्यात मागून रत्नप्रभाताईंचा हुंदका! "अगं बाई, काय हा मोठेपणा! स्वतःची बास्केट दुसऱ्याला देऊन टाकली!" आणि टाळ्या! काय टाळ्या! लोक उभे राहिले! कुणासाठी? वसंतरावांसाठी! बॉल माझा, कोपर माझा, बास्केट माझी, आणि टाळ्या पुन्हा त्यांनाच! खोटं टिकलं तरी ते मोठे, खरं बोलले तरी तेच मोठे! माझ्या डोक्यात काहीतरी फटकन तुटलं. मैत्रेयी घंटी वाजवून म्हणाली, "काका, उत्तर द्यायचंय?" आणि मी उठून ओरडलो, "खोटं! साफ खोटं! हा माणूस विनयाने खोटं बोलतोय! मी तिथे होतो! वसंतरावांचा हात लागला होता, बास्केट त्यांचीच होती, आणि तो कोपर... तो कोपर कुणाचा होता कुणास ठाऊक!"

जिंकलो. पहिलं बक्षीस. आयुष्यात पहिल्यांदा वसंतरावांना हरवलं, आणि ते कशात? ते महान आहेत हे सिद्ध करण्यात!

मेट्रोने घरी आलो. घराच्या कुलपाला किल्ली लावता लावता कलावती म्हणाली, "वसंतराव बोलले तेव्हा मला पटलं होतं हो, खरंच पटलं होतं. मग तुम्ही उठलात." एवढंच. आणि आत जाऊन खिचडी टाकली.

आणि बक्षीस काय? तोच फोटो! मंडळाच्या भिंतीवरचा, एकुलता एक, पेपरवाल्याने दिलेला, नवीन सोनेरी फ्रेम करून, चमकीच्या कागदात गुंडाळून! मी म्हटलं, चला, निदान घरात तरी येतोय, रोज सकाळी चहा पिताना बघेन, जग काही का म्हणेना. कागद फाडला. मधोमध वसंतराव, हवेत. केस हवेत. हात रिंगपाशी. आणि डावीकडे... डावीकडे सोनेरी पट्टी! कोपर कुठाय? उलटा केला, झटकला, कोपर काय झटकून पडतो?

सकाळी उठून, फ्रेम काखेत मारून मालवीय नगर गाठलं, फ्रेमवाल्याकडे. म्हटलं, भैया, इसमें एक कोहनी थी. तो फ्रेम हातात घेऊन, अभिमानाने हो, काचेवर फुंकर मारून म्हणतो, "हाँ अंकलजी, साइड में पता नहीं किसकी कोहनी आ रही थी, पूरी फोटो खराब कर रही थी। हमने सफाई से काट दी। अब देखिए, हीरो कैसा निखर के आया है!"

मी म्हटलं, "अच्छा किया भैया. पता नहीं किसकी थी."