माझ्या दुधाचा वेगळा कॅन

मी वडगाव निंबाळकरचा. जल्मलो बी हितंच, थोडा ऊस, तीन गाई आन् आई, एवढाच परपंच. लगीन न्हाय केलं, बाप्या मानसावरच जीव जडतो माझा, आन् आईला ठावं हाय, ती म्हनती कुनाचं वाईट करू नगं म्हंजी झालं. काय सांगू तुमाला, डेरीला दूध घातलं की माझं दुसरं काम सुरू, आमच्यासारख्या मानसांना समजवायचं, निरोध वापरा, एड्ससाठी रक्त तपासून घ्या. बारामतीत वळखीचं कोन भेटंल ही भीती, म्हनून हिकडची मानसं मी इंदापूरला नेतो आन् तिकडची बारामतीला आनतो.

मागं पुन्याच्या मासिकाचा एक लेखक आला. आईनं त्याला खरवस खाऊ घातला. मी सगळं सांगितलं, औषध येळंवर घेतलं तर मानूस धडधाकट जगतो ते बी सांगितलं, फकस्त म्हनलं नाव छापू नगा. नाव न्हाय छापलं त्यानं. पन गाव छापलं, तीन गाई छापल्या, डाव्या पायानं लंगडतो ते छापलं. आन् लिवलं काय, तर असली मानसं गावोगाव रोग पेरत फिरत्यात. औषधाचं अक्षर न्हाय. किळस आली हो मला. बोटं चाटून खरवस खाल्ला व्हता त्यानं.

मासिक गावात फिरलं. डेरीवर माझं दूध समद्यांच्या कॅनात घेईनात, वेगळ्या कॅनात वता म्हनले. दुधातनं रोग येतो व्हय? मला रोग न्हाय हे मी बोललो न्हाय, कारन ज्यांना हाय त्यांचं दूध तरी कुठं नासलंय? आई म्हनली, वेगळं तर वेगळं, पन घालायचं सोडू नगं.

मग डेरीवर दूध घालायच्या लायनीतलाच एकजन फोन करतो, इंदापूरला नेता का म्हनतो. कोन ते इचारू नगा, मी त्या लेखकासारखा न्हाय. नेलं गाडीवर. माझा खांदा घट धरून बसला व्हता. काय निघालं ते बी सांगायचो न्हाय. येताना मी त्याला च्या पाजला, पाठीवरनं हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी डेरीवर त्यानंच माझी किटली बाजूला सारली. पायानं, बगा. थुकावं वाटलं मला.

गुरुवारी त्याला परत न्यायचंय. नेनार की. देव त्याला धड ठेवो. पन च्या न्हाय पाजायचो.