पाचवी गाडी

बसा, बसा मंडळी. माइक राहू द्या बाजूला. तीस वर्षं लेथच्या आवाजात गेली, मला ओरडूनच बोलायची सवय आहे. आज आबांच्या शोकसभेतही तसाच बोलणार.

कार्ल्याचे ग्रामस्थ आलात, पुण्या-मुंबईहून आबांचे गाडीवाले आलात. आबांच्या घरच्या मावशी आहेत, त्यांची लेक सुनीता आहे. सगळ्यांना हात जोडतो. मला ओळखत नसाल तर सांगतो. वडगावला माझं लेथचं दुकान आहे. दत्तूआबा जुन्या मोटरसायकली खोलायचे, आणि जो पार्ट बाजारात मिळत नाही तो मी घडवून द्यायचो. बावीस वर्षं.

आत्तापर्यंत सगळे आबांविषयी चांगलं बोलले. ते खरंच आहे. मला जे बोलायचंय ते चांगलं नाही. मधेच मला कुणी खाली बसवू नका. मावशी, तुम्ही तर नकाच.

जुन्या गाडीचं हँडल फिरतं ते वाटीसारख्या पोलादी कपांवर. एक जोड वर, एक खाली, मधे छर्रे, म्हणजे पोलादी गोळ्या. आजच्या गाडीला हे कुठंही मिळतं. पन्नास वर्षांच्या गाडीला कुठून आणायचं? आबांनी पुण्याचा जुना बाजार पालथा घातला, मुंबईच्या भंगारगल्ल्या पालथ्या घातल्या. मिळायचं ते केसभर मोठं, नाहीतर केसभर लहान. जुना कप बाहेर काढायचं हत्यार तर कुणाकडेच नाही. लोक छिन्नीनं ठोकायचे आणि कप बसतो ते गाडीचं नरडंच फोडून ठेवायचे. एक दिवस आबा लोखंडी नळी घेऊन आले. म्हणाले, "हिला चार चिरा मार, आन् तोंडं भाईर फाकव. आतनं कपाला धरंल ती." मी म्हटलं, आबा, असलं हत्यार कुणी ऐकलंय का? "तू चिरा मार. ऐकायचं मागनं बघू." त्या नळीनं आबांनी इतके कप काढले, पण एका चेसिसला ओरखडा नाही!

मग कपही आम्हीच करायला लागलो. मी लेथवर घडवायचो आणि तळेगावच्या भट्टीत पाठवायचो. तिथं तापवून पाणी द्यायचे. पाणी दिलं नाही तर पोलाद मऊ राहतं. दिसायला दोन्ही सारखेच, मऊ आणि कडक. नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही.

सहा महिन्यांपूर्वी आबांकडे एक गाडी परत आली. कप आमचेच. मालक म्हणाला, घाटात हँडल ऐकत नाही. आबांनी पुढचं चाक उचलून हँडल फिरवलं. ते सरळ आलं की अडकत होतं. खोलून बघतात तर छर्‍यांनी कपात खड्डे पाडलेले, आणि छर्रे त्याच खड्ड्यांत जाऊन बसायचे. मंडळी, असं हँडल सरळच जायला बघतं. घाट सरळ नसतो.

तो कप रुमालात गुंडाळून आबा एसटीनं वडगावला आले. माझीच कानस उचलली आणि कपावर घासली. कडक पोलादावरून कानस घसरते. इथं भुगा पडला. माझ्या टेबलावर, माझ्या डोळ्यांदेखत. आबांनी विचारलं, "ह्याला पानी दिलं व्हतं ना रं?"

मी म्हटलं, व्हय आबा. दिलं होतं.

दिलं नव्हतं. मावशी, दिलं नव्हतं.

दोन वर्षांमागच्या दिवाळीत भट्टी आठ दिवस बंद होती. आबांकडे पाच गाड्या खोलून पडलेल्या. गाडीवाल्यांना सुट्टीत फिरायचं होतं, आबांचे मला फोनवर फोन. त्या पाच गाड्यांचे कप मी तसेच दिले. म्हटलं, कोण बघतंय? चालून जाईल. हे माझे शब्द आहेत. चालून जाईल.

आणि आबांनी माझ्या त्या 'व्हय'वर विश्वास ठेवला. त्यांना वाटलं, पोलादच दगाबाज निघालं. म्हणजे आजवर बसवलेला कुठलाही कप मऊ असू शकतो. म्हणाले, "समद्या गाड्या परत बोलवायच्या. येक बी सोडायची न्हाई." शोधायच्या होत्या पाच. आबा बावीस वर्षांच्या गाड्या शोधत बसले, आणि मी गप्प बसलो.

आठवेल त्याला त्यांनी फोन केले. कुणाचा नंबर बदललेला, कुणी गाडी विकलेली. मग ते जुन्या हायवेला वडापावच्या टपरीपाशी उभे राहायला लागले. जुनी गाडी दिसली की हात करायचे. "थांब रं बाबा, हँडल बघू दे." कुणी थांबायचं, कुणी हसून पुढं जायचं. एकानं तर व्हिडिओ काढला. लोक म्हणाले, म्हातार्‍याला वेड लागलं. तुमच्यातलेही काही म्हणाले, मला ठाऊक आहे.

सुनीता, तू मला फोन केलास. म्हणालीस, "काका, आबा दिवसभर उन्हात उभे असतात, तुमचं तरी ऐकतील." मी आलो. टपरीवर आम्ही चहा घेतला. आबांनी सांगितलं, आणखी दोन गाड्यांत मऊ कप सापडले, बदलले. मग म्हणाले, "माझ्या हातनं कुनी मेलं, तर मी कुटं तोंड दाखवू?" तेव्हा अगदी जिभेवर आलं होतं. आबा, पाचच आहेत. हात तुमचा नाही, माझा आहे. एवढंच बोलायचं होतं. मी चहा संपवला आणि वडगावला निघून आलो.

त्यानंतर बाराव्या दिवशी, त्याच टपरीसमोर, एका गाडीला हात करताना आबांच्या छातीत कळ आली आणि ते खाली बसले. ती गाडी थांबली नाही.

मला लाज वाटते. पण खरं सांगू? त्याहून जास्त भीती वाटते.

आबांच्या दहाव्यापासून मी फिरतोय. एक गाडी परत आली होती, दोन आबांनी बदलल्या. चौथी मला बेगडेवाडीला सापडली. पाचवी सापडत नाही. पहिल्या मालकानं विकली. दुसर्‍यानं रंग बदलून विकली. आता कुणाकडे आहे, कुणाला ठाऊक नाही. एवढंच कळलं, की तो माणूस रविवारी जुन्या गाडीवाल्यांबरोबर लोणावळ्याला येतो.

आज रविवार आहे. बाहेर पटांगणात तुमच्या तीस-चाळीस जुन्या गाड्या उभ्या आहेत. सभा संपली की तुमच्यातले निम्मे घाटानं खाली उतरणार.

म्हणून हात जोडून सांगतो. आबांसाठी दोन मिनिटं आपण इथं उभं राहायचं नाही. बाहेर जायचं. किल्ली कुणी लावायची नाही. गाडी मेन स्टँडला घ्या, मागच्या सीटवर कुणाला तरी बसवा, पुढचं चाक अधांतरी होऊ द्या. मग दोन बोटांनी हँडल फिरवा. हळू. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मधे जरा जरी अडकलं, तरी हात वर करा. लाजू नका, लाज माझी आहे. ती गाडी मी ढकलत वडगावला नेईन.

सुनीता, मला आत्ता माफ करू नकोस. पुढंही केलं नाहीस तरी चालेल. आधी गाडी सापडू दे.

चला मंडळी, उठा. गाडीजवळ जाऊन उभे राहा आणि दोन मिनिटं कुणीही बोलू नका. मी पायरीवर उभा राहून हात वर येतो का ते बघतो. आणि एकही हात वर आला नाही, तर ती गाडी इथं नाही. ती आत्ता रस्त्यावर आहे.