भोंगा तीनशेला

तीनशे म्हणाले मी? — म्हणाले, हो, म्हणाले, मलाही कान आहेत — पण दादा, ते 'नको' म्हणायचे तीनशे होते! तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला कसं कळणार. आमच्या गल्लीत एखादी वस्तू द्यायची नसली की असाच वाट्टेल तो भाव सांगतात, गिऱ्हाईक हसतं, पुढे जातं, विषय संपला. पंचवीस-तीस युआनला नवाकोरा मिळतो असा भोंगा, कुठल्याही भाजीवाल्याकडे बघा. आणि तुम्ही — घासाघीस नाही, चार पावलं निघून गेल्याचं नाटक नाही, एकदम 'चालेल'! असं कुणी करतं का? मघाशी मातीच्या शिपायांच्या डब्यासाठी पाच-पाच युआनवर भांडलात की माझ्याशी, आणि इथे 'चालेल'. आता पंचाईत झाली ना माझी. भाव सांगितला आणि गिऱ्हाईक हो म्हणालं की वस्तू त्याची. बाकीच्या शिआनमध्ये असेल-नसेल, या गल्लीत आहे. माझ्या आईने तर एकदा असंच चुकून अंगातलं जाकीट विकलं होतं, डिसेंबरात! घरी आली नुसत्या स्वेटरवर कुडकुडत, पण शब्द फिरवला नाही.

हो, तीच. भोंग्यात बोलतेय ती आईच. "शेवटचे तीन दिवस! मालकाने जागा मागितली, तोट्यात देतोय, शिपाई घ्या, पंखे घ्या, शेवटचे तीन दिवस!" — आणि ते मागचं, जे ऐकून तुम्ही हसलात — "झालं का गं? आलं का त्यात?" — ते जाहिरातीतलं नाही हो, ते मला विचारतेय. सोळा वर्षांची होते, बटण दाबून उभी होते, सोडायला उशीर केला. पुन्हा करू म्हटलं तर म्हणाली राहू दे, लोक हसले की थांबतात. आणि थांबायचे! सहा वर्षं झाली त्याला. सहा वर्षं तीनच दिवस. त्या समोर बसल्यात ना, फ्रिजवर लावायची चुंबकं विकतात, थान काकू, त्या म्हणायच्या, "तुझा तो मालक एकदा दाखव गं मला, फारच धीराचा माणूस दिसतो!" मालक कुठला आलाय, जागा आमचीच.

मग या उन्हाळ्यात डॉक्टर म्हणाले, तीन महिने. आईला हसूच फुटलं. म्हणाली, "डॉक्टर, आमचे तीन दिवस सहा वर्षं चाललेत, तुमच्या तीन महिन्यांचे किती होतील ते बघा." एकोणीस दिवस. एकोणिसाव्या दिवशी सकाळी — पंखा दाखवू का? रेशमी आहे, अस्सल रेशीम, म्हणजे बऱ्यापैकी रेशीम. नको? बरं.

रडले? नाही ना. तेच तर. चौथ्या दिवशी दुकान उघडलं, रोजच्यासारखा भोंगा लावला, तर थान काकू धावत आल्या, "बंद कर बाई, बंद कर, गेलेल्या माणसाला ओरडायला लावतेस?" म्हटलं, कोण ओरडतंय? मला खरंच ऐकू येत नव्हतं. दिवसातून पाचशे वेळा वाजतं ते, तुम्हाला तुमच्या फ्रिजची घरघर ऐकू येते का, तसंच. दुपारी थंड शेवया खाते, तिखटाचं तेल घालते, दोन चमचे, चार चमचे, काही नाही, डोळ्यांतून पाणीसुद्धा नाही. बरंच आहे. दुकान चालतं. हसता येतं, भांडता येतं, तुमच्याशी भांडलेच की.

आणि गंमत ऐका, आता खरंच तीन दिवस राहिलेत! रविवारी गल्ली रिकामी करायचीय, तो कागद चिकटवलाय बघा खांबावर. सगळ्यांना तिसऱ्या रिंगरोडच्या बाहेर, नव्या इमारतीत, आणि तिथे भोंगा वाजवायला बंदी. कुणी विश्वास ठेवतंय? तुम्ही ठेवलात? बघा!

आज सकाळी बाबा बोलले. बाबा बोलत नाहीत हो, दोन महिने नुसते खिडकीशी बसलेत, चहा दिला तर घेतात. ते म्हणाले, "मान" — माझं नाव हो ते — "रविवारी भोंगा घरी आण." एवढंच. मी हो म्हटलं, बूट घातले, निघाले, आणि चौथ्या मजल्यावर जिन्यातच बसले. दमले नव्हते. म्हणजे — घरी शांत असतं ना. घड्याळ ऐकू येतं. इथे हा नुसता आवाज आहे, गोंगाटात गोंगाट. घरी तो लावला की ती आई होईल. बाबा रोज लावतील. ती रोज विचारेल, आलं का, आणि मी तिथेच असणार, भांडी घासत. मोबाईलवर उतरवून त्यांना तेवढं दिलं तर? अहो, त्यांना हाच हवाय, तिने चिकटपट्टी लावलेला. आणि मोबाईलमधून बोलली तरी तीच बोलणार ना?

म्हणून तीनशे म्हणाले का? — काय माहीत. तुम्ही विचारलंत, तोंडातून आलं. पण खोटं कशाला बोलू, हजारही म्हणता आले असते. हजार म्हणाले असते तर गेलाच असता तुम्ही. तीनशे म्हणाले. कुणी देऊ शकेल इतके.

तर टाका पैसे. तो काळा-पांढरा चौकोन, हां, तोच. बाबांना सांगेन पडला, फुटला. — ऐकलंत? "तीनशे युआन जमा." ही मशीनमधली बाई, हिचा घसा कधी बसत नाही बघा. आता हे डावीकडचं बटण चालू-बंदचं, आणि हे लाल, ते दाबायचं नाही, काही झालं तरी दाबायचं नाही, जुनं पुसून नवं भरतं ते. फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून देते, विमानात काही होत नाही, किती पाठवलेत मी असे शिपाई. थांबा, धरा हा जरा, आधी बंद करू दे.

हं.

बघा, कुणी मान वर केली? थान काकू चुंबकं मांडतायत. तो डाळिंबाचा रस काढणारा रस काढतोय. सहा वर्षांत पहिल्यांदा दुकान उघडं असताना बंद झाला आणि गल्लीला पत्ताच नाही. मला वाटलं होतं सगळे — मला वाटलं होतं मलाही —

तुम्हाला येतंय का हो ऐकू? हे. आत्ताचं, तो बंद झाल्यावरचं.

द्या. नाही, द्या इकडे, सोडा, सोडा म्हणते ना! मोडला शब्द, मोडला मी, सांगा जाऊन हव्या त्याला. पैसे परत टाकते, हे घ्या, आकडे नीट दाबता येत नाहीयेत मला, तुम्हीच दाबा, तीन, शून्य, शून्य, झालं. शिपायांचेही नकोत, न्या तो डबा, तसाच न्या. तुमचं काही चुकलं नाही दादा, तुम्ही फक्त — जा ना आता. बघताय काय असे? दुकान बंद आहे.