टेकवलेलं दार

सूनबाई : नाना, पुढचं दार कधी दुरुस्त केलंत तुम्ही?

नाना : मी? मी कुठे हात लावलाय त्याला!

सूनबाई : मग झालं काय त्याला? बादली घेऊन आले, नेहमीसारखा खांदा लावायला गेले, तर सरळ आतच येऊन पडले. करंगळीनं उघडतंय.

माई : करंगळीनं? आपलं दार? चला, या वादळानं एक तरी काम चांगलं केलं.

नाना : बघा! मी म्हणत नव्हतो? लाकूड बसायला वेळ लागतो.

माई : लागतो की. तेवढ्यात आपलं पोरगं जन्मलं, शिकलं, ट्रक चालवायला लागलं, त्याचं लग्न झालं. सुतारानं स्वतःच्या घराला दार केलं आणि घरातल्या प्रत्येकाचा उजवा खांदा कामातून गेला. ही पोरगी नवी नवरी होऊन आली, तेव्हा तिला वाटलं सासरचे दारच उघडत नाहीत.

सूनबाई : माई, आत्ता थट्टा नको हो. बाहेर बघवत नाही. रस्त्याचं खालचं वळण दिसेनासं झालंय. जिकडेतिकडे नुसतं गढूळ पाणी.

नाना : नदी खाली, आपण डोंगरावर. पाणी काही चढून इथवर येत नाही. आणि बाळ्या काय सांगून गेलाय?

सूनबाई : 'खालच्या लोकांना ट्रकमधून हलवतो आणि येतो. मी येईपर्यंत घर सोडू नका.'

नाना : झालं तर मग.

सूनबाई : ते सकाळी म्हणाले होते. आता दुपार उलटली. फोन लागत नाही, रेडिओ मुका झालाय.

माई : येईल गं. दारावर धडक बसेल, मी इथून पडल्यापडल्या ओरडेन, 'खांदा लाव!' रोजचंच. आज मात्र बिचारा तोंडावर आपटणार.

नाना : अहाहा, काय फिरतंय बघा. कुरकुर नाही, घासणं नाही. तो आला की त्याला मीच उघडून दाखवतो.

सूनबाई : नाना, एक विचारू? रागावू नका.

नाना : विचार की.

सूनबाई : पावसात लाकूड पाणी पितं आणि फुगतं, असं तुम्हीच सांगता. दर पावसात हे दार जास्तच अडकतं. मग एवढ्या पावसात ते मोकळं कसं झालं?

माई : अहो, ती काहीतरी विचारतेय.

सूनबाई : नाना?

नाना : ओळंबा कुठंय माझा? चौकट सरळ आहे का बघू.

सूनबाई : खुंटीला. हा घ्या.

नाना : धर वरून. हलवू नकोस. खालचं वजन सोड... थांबू दे.

माई : काय दिसतंय? अहो, मला उठता येत नाही, निदान तोंडानं तरी सांगा.

नाना : दार फुगलंयच. होतं त्याहून मोठं झालंय.

माई : मग?

नाना : चौकट त्याहून मोठी झालीय. वरच्या बाजूनं फाकलीय. ही फट बघ, माझा अख्खा पंजा जातोय.

सूनबाई : म्हणजे घर...

नाना : सरकतंय. आणि मी मूर्खासारखं दार उघडझाप करत कौतुक करत बसलोय.

माई : मग मीही सांगते. तुम्ही घाबराल म्हणून बोलले नव्हते. या मागच्या खिडकीखालच्या ओहोळानं सकाळपासून माझं डोकं उठवलं होतं. मघापासून गप्प आहे तो. पाऊस तेवढाच आणि ओहोळ गप्प.

सूनबाई : मग डोंगरावरचं पाणी जातंय कुठे?

नाना : डोंगराच्या पोटात.

सूनबाई : निघायला हवं. आत्ता. पलीकडची पाण्याच्या पंपाची खोली अखंड कातळावर आहे, वाटही सपाट आहे.

माई : जा तुम्ही दोघं. या प्लास्टरच्या पायानं मी कुठे येणार?

नाना : गप बस गं.

माई : गप काय बस? खरं तेच बोलतेय. मी इथेच थांबते, बाळ्या आला की त्याला...

सूनबाई : माई, तेच तर! रस्ता पाण्याखाली आहे. हे आले तर खालून पायऱ्यांनी येणार, थेट घरात. आपण दिसलो नाही तर?

नाना : कोळशानं भिंतीवर लिहू.

सूनबाई : या पावसात? पुसून जाईल सगळं.

नाना : मग कुलूप लावू. घरात कुणी नाही, हे कळेल.

सूनबाई : नाही कळणार. माईंना चालता येत नाही, हे त्यांना माहीत आहे. ते म्हणतील, आई आतच आहे. दार फोडतील, खोल्या धुंडाळत बसतील. आणि मागची भिंत...

माई : बोलू नकोस गं ते.

नाना : आणि हिला नेणार कशावरून? खाट दारातून निघत नाही. आतच बांधली होती मी.

माई : तेही कौशल्य तुमचंच.

सूनबाई : दार काढा.

नाना : काय?

सूनबाई : दार. बिजागरीतून काढा. माईंना त्याच्यावर निजवू.

नाना : अगं, पण ते दार मी...

माई : अहो, खालच्या पेंटरच्या बायकोच्या पोटात कळा सुरू झाल्या होत्या तेव्हा तिला कशावरून नेलं होतं? याच दारावरून. एक टोक तुम्ही धरलं होतं आणि एक बाळ्यानं.

सूनबाई : म्हणजे बिनदाराची चौकट बघितली की त्यांना कळेल. आईला उचलून नेलंय, आत कुणी नाही.

नाना : हातोडी दे. लवकर. आणि कपडे वाळत घालायची दोरी सोड.

सूनबाई : निघाली?

नाना : वरची खीळ निघाली. खालची गंजलीय. ए, वर काय कडकडलं?

सूनबाई : वासा. नाना, वर बघू नका, ठोका!

नाना : निघ... निघ की गं बाई! हां, आलं. धर!

माई : हळू. आई गं! पाय, माझा पाय.

सूनबाई : चादर घट्ट गुंडाळलीय. डोळे मिटा, माई. नाना, उचलायचं नाही, ओढायचं. चिखलात घसरतंय.

नाना : ओढ. थांबू नकोस. मागे बघू नकोस.

माई : मी उताणी आहे, मला मागचंच दिसतंय. अहो, फणसाचं झाड चालतंय.

नाना : काहीतरीच काय बोलतेस?

माई : चालतंय हो. उभंच्या उभं. आपल्या घराकडे येतंय.

सूनबाई : ओढा, नाना!

(पंपाच्या खोलीत. बाहेर अजून उजेड आहे, पण पावसामुळे पलीकडचं काही दिसत नाही.)

नाना : संपलं का?

सूनबाई : हो. आता नुसते दगड घरंगळताहेत.

माई : घर?

नाना : नाही दिसत.

माई : पावसामुळे?

नाना : नाही गं. पावसामुळे नाही.

माई : आणि पायऱ्या?

नाना : त्याही...

सूनबाई : मी जाऊन बघते.

नाना : कुठे निघालीस?

सूनबाई : हे पायऱ्यांवर असतील तर? चौकट बघून कळेल म्हणाले ना मी? आता चौकटच नाही. आधी आले असतील तर आत... सोडा मला, नाना.

नाना : पोरी, ऐक. चिखल अजून उतरतोय. तू गेलीस आणि तो आला, तर मी त्याला काय सांगू?

सूनबाई : आणि ते आलेच नाहीत तर मी काय करू?

माई : इकडे ये. ये इथे, माझा हात धर. किती गार पडलाय तुझा हात! अहो, वारा आत येतोय. या खोलीला दार नाही का?

नाना : मागच्या वादळात उडालं.

माई : मग आपलं लावा. मला खाली घ्या भिंतीशी.

नाना : बिजागरीशिवाय कसं लावू?

माई : टेकवा नुसतं. निळी बाजू बाहेर ठेवा. त्याच्या खांद्यानं रंग उडालेला डाग दिसला पाहिजे. कुठूनही आला तरी ओळखेल.

सूनबाई : माई, ते येतील ना?

माई : मला काय विचारतेस? मला पण तीच भीती आहे.

नाना : टेकवलं. दोन्हीकडे बोट बोट फट राहिलीय.

माई : आता तरी मापं काढू नका. बसा इथे.

सूनबाई : नाना, तुम्ही थरथरताय.

नाना : भिजलोय म्हणून.

माई : भिजलात म्हणूनच. हो.

सूनबाई : पाऊस कमी झाला का?

नाना : नाही.

सूनबाई : मला वाटलं, कुणीतरी चालतंय.

नाना : दगड असतील.

सूनबाई : दगड वर चढत नाहीत, नाना.

नाना : गप. ऐक.

सूनबाई : दाराला हात लागला. बाहेरून कुणीतरी हात लावलाय दाराला.

नाना : कोण आहे? कोण आहे रे बाहेर?

सूनबाई : बोलत का नाही कुणी? माई, नुसतं धापा टाकतंय कुणीतरी.

माई : दमलाय तो. बाळ्या, आज खांदा नको लावूस रे. नुसतं टेकवलंय.