लाल शाईच्या कांजिण्या

स्कॅनच्या खोलीबाहेर बायकोची वाट बघत बसलेल्या शिंप्याला दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची खोड नव्हती. पण शेजारच्या बाकावरची म्हातारी भावंडं, ताई आणि तिचा धाकटा भाऊ, हळू बोलतच नव्हती.

“लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा काय सांगितलंस?”

“झाल्या होत्या म्हणालो.”

“धडधडीत खोटं?”

“आई जन्मभर तेच सांगायची की.”

“आईला काय माहीत, मी लाल शाईने तुझ्या अंगभर टिपके काढले होते ते.”

“तुला खऱ्या आल्या म्हणून खोलीत कोंडलं होतं, तेव्हा तूच खिडकीतून हाक मारलीस. एकटीला करमत नाही म्हणालीस.”

“आणि तू लगेच सदरा काढून उभा. मग आईने तुलाही माझ्या खोलीत कोंडलं.”

“काय मजा केली गं आपण. पत्ते काय, भुताच्या गोष्टी काय.”

“एवढा चिकटून झोपायचास, तरी खरी एक पुळी आली नाही तुला. पण डॉक्टरांना कशाला हव्यात कांजिण्या?”

“ज्यांना होऊन गेल्या, त्यांच्यात डोक्यातली ही गाठ जरा कमी दिसते म्हणे. शरीराला लढायची सवय लागत असेल. खात्रीने कुणीच सांगत नाही.”

“मग खऱ्याच द्यायला हव्या होत्या रे तुला.”

“तुझ्या हातात होतं का ते?”

दार उघडलं. “फक्त पेशंटने आत यायचं,” नर्स म्हणाली.

ताईने पर्समधलं लाल पेन भावाच्या हातात दिलं आणि मनगट पुढे केलं.

“काढ टिपके. तुला तिथे एकट्याला करमायचं नाही.”