कोरड्या आकाशाचा डोंगर

— हात लावू नका म्हटलं ना! नेणारच आहात हे बाष्प मोजायचं यंत्र, पण झाकण तरी मला लावू द्या. हो हो, समितीचा हुकूम आहे, खाली गाडी उभी आहे, कळलं सगळं. वेधशाळा त्या तलावाकाठच्या डोंगरावर बांधायची ठरली — शी! जागा आधी ठरवायची आणि आकाश मागून मोजायचं! आता मोजून काय उजेड पाडणार? — काय म्हणालात? तिथलं आकाश काळंकुट्ट दिसतं? डोळ्यांना दिसतं हो! येणारी दुर्बीण इन्फ्रारेडची, तिला तुमच्या काळ्या-गोऱ्याशी काय करायचंय? तिला उष्णता दिसते. हवेत बाष्प असलं की आख्खं आभाळ तिच्यापुढे तापलेल्या तव्यासारखं उजळतं, आणि मागचा बारीक तारा गडप. म्हणून तर इथे आम्ही वर्षानुवर्षं आकाश मोजत बसलो — कोरडं ठणठणीत आकाश, सोन्यासारखं! आणि तिथे? तलावाचं बाष्प हवेत भरलेलं! पण समिती गाडीतून उतरली, माना वर केल्या, 'वा, काय अंधार आहे!' — झाला निर्णय. किळस येते मला, किळस.

आणि पहिलं 'वा' कोणाचं, माहितीय? अध्यक्षांचं. माझ्या वडिलांचं. — माहीत नव्हतं? आता झालं. मी शाळेत असताना ज्यांनी शिकवलं की डोळे फसवतात, मोजल्याशिवाय तोंड उघडायचं नाही — तेच हे! का, तर तिथे दारापर्यंत गाडी जाते. इथे शेवटचा चढ पायी. गुडघे गेलेत त्यांचे, दोन पावलांत धाप लागते... जन्मभर या दुर्बिणीची वाट बघितली, ती उभी राहिली की एकदा हात लावून — जाऊ दे! एवढी मोठी दुर्बीण, आणि जागा ठरवायची एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांवरून? महिने झाले, बोलत नाही मी त्यांच्याशी. — दया? छे! येते कधीमधी, एकटी असले की. ते वेगळं. तुम्हाला कशाला सांगतेय मी? त्यांना जाऊन सांगा, यंत्र हवं असेल तर वर या आणि स्वतःच्या हातानं उचला —

काय? खाली गाडीत? बाबा? तुमच्याबरोबर आलेत? — मग बसू दे तिथेच. मला काय! — खिडकीतून काय बघताय एवढं? सरका.

अहो, ते चढायला लागलेत! एकटे! बसले बघा दगडावर — उठले परत — अहो, उभे काय राहिलात? हे घ्या यंत्र, घ्या, झाकण राहू दे! पळा! म्हणावं, दिलं तिनं, न्या तलावावर, कुठे न्यायचं तिथे न्या, पण एक पाऊल वर टाकू नका. जा ना!