ॲम्प्लिफायरच्या मागचं बटण

दुरुस्तीच्या दुकानात माझ्या इस्त्रीचा नंबर दुसरा होता. पुढे दोन साडू गिटारचा ॲम्प्लिफायर काउंटरवर ठेवून उभे होते. बोलायला थोरल्याने सुरुवात केली.

"मिस्त्री, मागे हे जादा बटण बसवून घेतलंय. ते खाली ठेवून कायमचं पक्कं करा."

"खाली कशाला? वर! वर असलं की तंतोतंत त्या जुन्या रॉक रेकॉर्डचा टोन लागतो. करवतीसारखा."

"रेकॉर्डवरचा टोन मधासारखा आहे, साडूभाऊ. कान धुऊन या."

"सात वर्षं हेच ऐकतोय. शनिवारच्या कार्यक्रमात बटण खाली दिसलं तर मी वाजवणार नाही. बँड तुम्हालाच लखलाभ!"

"आणि वर दिसलं तर मी स्टेजवर चढणार नाही."

"अहो, आधी उघडू तर द्या..." मिस्त्रीने मागचं झाकण काढलं. "हे बसवलं कोणी?"

"होता एक कारागीर. आतलं सगळं बदललंय म्हणाला."

"आत काहीच बदललेलं नाही. या बटणाला तर वायरच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वर करा, खाली करा, आवाजाला त्याचा पत्ताच नाही."

"पण फरक पडतो हो."

"पडतोच! यांचं नि माझं कशातच पटत नाही, पण फरक पडतो."

"चांगला ढळढळीत पडतो."

"मग काढून टाकू का बटण?"

"हात लावू नका!" दोघेही एकदम ओरडले.

मिस्त्रीने चष्मा पुसला, आत पुन्हा बॅटरी मारली आणि त्या बंद ॲम्प्लिफायरला कान लावून बटण एकदा वर केलं, एकदा खाली केलं.